श्रीची चार अक्षरं

लासूर स्टेशनची राजनंदिनी नेमकं काय काम करते, हे तिच्या आईला अजून धड सांगता येत नाही. कुणी विचारलंच तर आई म्हणते, "यंत्रांची दुभाषी आहे." आणि यात चूक काहीच नाही. चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका लहान कंपनीत ती कंपायलर सांभाळते. कारखान्यातला माणूस आपल्याला कळेल अशा भाषेत आज्ञा लिहितो, कंपायलर ती यंत्राच्या भाषेत उतरवून देतो. इथल्या कंपायलरची खासियत म्हणजे त्यात मोटरीला, पंख्याला, पट्ट्याला मराठीत नावं देता येतात. ही सोय राजनंदिनीनंच घातलेली. ती स्वतः मराठी शाळेतली. इंग्रजी शब्दापुढं हुशार माणूसही कसा गप्प होतो, हे तिनं जवळून पाहिलं होतं.

यंदा कापूस यायला लागला आणि पाचोडच्या जिनिंगमधून, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यातून, कडूबाचा फोन आला. तिथली सगळी यंत्रं त्याच्याच हाताखाली. त्याचं गाऱ्हाणं असं, की काही अडलं म्हणून आज्ञेत बारीकसा बदल केला, तरी कंपायलर तो उतरवायला फार वेळ घेतो. तोवर जिन बंद, आणि फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग.

"लोक शिव्या मला देत्यात ताई, कंपायलरला नाय," तो म्हणाला.

राजनंदिनीच्या कंपनीचे मालक ऋतुराज साहेबांनी शांतपणे सांगून टाकलं, या आठवड्यात जमलं तर ठीक, नाहीतर बाहेरचा तयार कंपायलर विकत घेऊ. बाहेरच्यात मराठी नावं चालत नव्हती. म्हणजे राजनंदिनीनं इतकी वर्षं वाढवलेलं काम एका सहीत संपणार होतं.

ती डगमगली नाही. सकाळी देवापुढं हात जोडायचे आणि मग आपल्या कामाचं ओझं देवावर टाकायचं नाही, असा तिचा नेम.

मूळ कंपायलर लिहिलेले तन्वीरभाई तिच्या शेजारीच बसत. त्यांचा संशय शेवटच्या टप्प्यावर होता. तिथं कंपायलर आज्ञांमधला फापटपसारा छाटतो. तो टप्पा बंद करून पाहिला, फरक शून्य. राजनंदिनी म्हणाली, अंदाज पुरे झाले, आता कुठं किती वेळ जातो ते मोजूया. मोजलं तर निघालं भलतंच. जवळजवळ सगळा वेळ नुसता नावं शोधण्यात जात होता.

देवळाबाहेर चपला ठेवायला कप्पे असतात तसे कंपायलरमध्ये नावांचे कप्पे असतात. नाव आलं की ते आपल्या कप्प्यात, आणि पुन्हा लागलं की तिथंच बघायचं. पण सगळ्यांच्याच चपला एका कप्प्यात कोंबल्या, तर आपला जोड सापडायला किती वेळ लागेल?

राजनंदिनीनं कडूबाचा प्रोग्राम उघडला. श्रीमोटर, श्रीपट्टा, श्रीपंखा, श्रीदाब. शेकड्यांनी नावं, आणि एकूण एक श्रीनं सुरू होणारी. ती आधी हसली, मग एकदम गंभीर झाली.

"तन्वीरभाई, कप्पा ठरवताना तुम्ही नावाची किती अक्षरं बघता?"

"पहिली चार. तेव्हा सगळी नावं इंग्रजी होती, चार पुरत होती."

"श्रीमध्ये किती अक्षरं?"

"एक."

"आपल्याला एक. कॉम्प्युटरला श, मग पाय मोडल्याची खूण, मग र, मग वेलांटी. चार झाली. तुमची नजर श्रीवरच संपते, पुढं मोटर आहे का पंखा, ते बघतच नाही."

तन्वीरभाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "देव मध्ये येईल असं वाटलं नव्हतं."

"देव कुठं मध्ये आला? तो दारातच उभा होता. तुम्ही घरात शिरला नाहीत."

ऋतुराज साहेबांना सोपा उपाय सुचला, त्याला श्री काढायला सांगा. राजनंदिनीनं कडूबाला विचारून पाहिलं. तो म्हणाला, वस्तादानं शिकवलं, श्री घातल्याबिगर यंत्राला हात लावायचा नाय. तुम्ही म्हणता तर काढतो, पण हात धजत नाय.

"काढू नका," ती म्हणाली. साहेबांना तिनं स्पष्ट सांगितलं, "आज श्री काढाल, उद्या दुसरा कुणी सगळ्या नावांआधी गावाचं नाव लावेल. चूक आपल्या कप्प्यांची आहे, त्याच्या श्रीची नाही."

मग ती आणि तन्वीरभाई कामाला लागले. कप्पा आता सगळं नाव वाचून ठरणार, आणि नावं वाढली की कप्पेही वाढणार. बदल थोडक्यात झाला. पण राजनंदिनीनं जुने सगळे प्रोग्राम नव्या कंपायलरमधून काढून आधीच्या निकालाशी ताडून पाहिले. जिनमध्ये माणसांचे हात असतात, तिथं वेगाच्या नादात चुकीची आज्ञा जाऊन चालत नाही. सगळं जसंच्या तसं जुळलं, तेव्हाच तिनं ते पाचोडला पाठवलं.

कडूबाचा फोन आला तेव्हा साहेब तिच्या टेबलाजवळच उभे होते.

"ताई, बिघडलं वो. बटण दाबलं की लगेच थांबतंय. चारदा दाबलं."

"थांबत नाही, काम तेवढ्यात पूर्ण होतंय. जिन सुरू करा."

पलीकडं खटका ओढल्याचा आवाज आला. मग घरघर सुरू झाली, वाढत गेली, आणि कडूबा काय बोलतोय तेही ऐकू येईना. राजनंदिनीनं फोन साहेबांच्या कानाशी धरला. त्यांनी ऐकलं, मान डोलावली आणि बाहेरच्या कंपायलरवाल्यांना नको म्हणून कळवायला आपल्या खोलीत गेले.

"कडूबा," ती आवाज चढवून म्हणाली, "आता गाड्या आत घ्या."