इंचभर केस

निघायच्या सकाळी अण्णांनी मला दुकानातल्या खुर्चीत बसवलं आणि माझे केस स्वतः कापले. आटपाडीच्या स्टँडवरून मुंबईची एसटी सुटायला दोन तास होते. आई आत दशम्या बांधत होती आणि दादा, तू शेजारी उभा राहून कात्र्या पुसत होतास. मी डोळे मिटून बसलो होतो. मानेवरचा वस्तरा थांबवून अण्णा म्हणाले, "न्हाव्याचं डोकं दुसऱ्या न्हाव्याच्या हातात आसतं, ल्येका. सोताचं सोताला करता येत न्हाई. म्हनून तर तुमा दोघा भावांस्नी धंदा शिकिवला." तू हसलास. ते हसू मी शारजापर्यंत घेऊन गेलो.

आपल्याकडे रंग म्हणजे काळा. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीचा बाप यायचा आणि अण्णा वाटीत पूड कालवून त्याला दहा वर्षांनी तरुण करून पाठवायचे. इथं माझं काम उलटं. काळ्यातून काळा काढायचा आणि तांब्याचा, मधाचा रंग आणायचा, तोही स्टेजवर, कॉलरला माईक लावून. मस्कत, बँकॉक, कुआलालंपूर, जिथं ही रंगाची कंपनी पाठवेल तिथं जायचं. समोर दीडदोनशे सलूनवाले, खुर्चीत मॉडेल, हातात ब्रश आणि फॉइल. दाखवणाऱ्याच्या स्वतःच्या डोक्यावरही त्या सीझनची शेड हवी, असा कंपनीचा नियम. मी तुला फोनवर मोठ्या ऐटीत म्हणालो होतो, "माझं डोकं आता कंपनीची पाटी आहे, दादा." जीभ झडायला हवी होती माझी.

गेल्या खेपेला मी न कळवता आलो. अण्णांना चकित करायचं होतं. दुकानाच्या आरशावर त्यांचा फोटो होता आणि फोटोला हार. हार सुकलेला होता. तू काही बोलायच्या आत मी तुझं डोकं बघितलं. केस इंचभर. डोक्यावरचे केस महिन्याला अर्धा इंच वाढतात, हे मी परदेशातल्या लोकांना शिकवतो. म्हणजे दोन महिने.

दोन महिन्यांपूर्वी मी बँकॉकात होतो. व्हिडिओ कॉल केला तर तू घरात टोपी घालून बसलेला. मी चेष्टा केली, "काय रे, केस गेले का सगळे?" तू हसलास. अण्णांना फोन दे म्हणालो, तर म्हणालास, "बाजाराला गेल्यात." आई मागून म्हणाली, "तुजं कसं चाललंय, जेवतोस का न्हाई?" पुढच्या फोनांनाही अण्णा कधी बाजारात, कधी झोपलेले. त्या पहिल्या फोनच्या दिवशी अण्णांना जाऊन अकरा दिवस झाले होते आणि तुझं डोकं आदल्या दिवशीच, दहाव्याला, भादरलं होतं. दुसऱ्यांच्या केसांवर ज्याची भाकरी, त्याला स्वतःच्या भावाची टोपी कळली नाही.

"तुला कळलं आसतं तर डोकं केलं आसतंस, मग कामावनं काढलं आसतं," तू म्हणालास. "तूच म्हनला न्हवतास का, डोकं कंपनीचं हाय म्हून?"

आईनं पदर तोंडाला लावला. "यिऊन तरी काय केलं आसतंस? माती तर झालीवती."

काय केलं असतं ते मला माहीत आहे, आई. दहाव्याला खुर्चीत बसलो असतो. तुम्ही माझ्या भल्याचं बघितलंत म्हणता. मला विचारलं असतंत तर भलं म्हणालो असतो. न विचारता केलंत, त्याला मी दगा म्हणतो.

दुसऱ्या दिवशी सांगलीला निघून आलो. कुपवाडच्या रस्त्यावर एका अनोळखी दुकानात शिरलो आणि म्हणालो, सगळे काढा. त्यानं रंगवलेले केस बघितले, मग विचारलं, "कोन गेलं?"

"वडील."

"घरात कुनी करनारं न्हाई व्हय?"

"भाऊ हाय."

त्यानं वाटीत पाणी घेतलं. पाण्याचा हात फिरवून डोकं भिजवलं आणि मी तिथं पहिल्यांदा रडलो.

शारजाला परतलो तेव्हा मॅनेजरबाईंनी माझं तुळतुळीत डोकं बघितलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "तेव्हाच का नाही गेलास? तिकीट मी काढून दिलं असतं." पुढच्या महिन्यात त्याच डोक्यानं मी मस्कतच्या स्टेजवर उभा राहिलो. कुणी हूं की चूं केलं नाही. दादा, हे तुला कळावं म्हणून लिहितोय. आणि माझ्यासारखे जे बाहेर गेलेत त्यांना एवढंच सांगतो, फोनवर घरच्या माणसाला टोपी काढायला सांगत जा.

आई विचारते, कवा येतोस. येईन. घर आहे, आई आहे, येणार नाही तर जाईन कुठं? पण दुकानातल्या त्या खुर्चीत बसणार नाही. घर म्हणजे ती खुर्ची, असं मी इतकी वर्षं धरून होतो. माझेही केस आता इंचभर झालेत. इथं कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये कापून घेतो, आरशात त्याच्या हाताकडे बघत, डोळे उघडे ठेवून.