सळयांचा भारा

बांधकामावर क्रेन चालवणारा एक माणूस जपून काम करण्याबद्दल प्रसिद्ध होता. विटांची थप्पी अशी अलगद टेकवायचा की खालचे म्हणायचे, बाळाला निजवतोय. खाली माल बांधायला त्याचा मेहुणा असे, बायकोचा धाकटा भाऊ. तोंडाची टकळी बंद व्हायची नाही म्हणून सगळे त्याला ‘रेडिओ’ म्हणत. दोघांचं कधी वाकडं नव्हतं.

एका दुपारी सळयांचा भारा हवेत लटकत होता. खाली रेडिओ पाठमोरा उभा राहून कुणाला तरी हसवत होता. आणि वर केबिनमध्ये याच्या मनात आलं, आत्ता भारा सोडून दिला तर?

त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. राग नाही, लोभ नाही, मग हे आलं कुठून? भारा कसाबसा उतरवून तो खाली आला आणि पोट बिघडल्याचं सांगून घरी गेला.

त्यानंतर तो विचार रोज यायचा. तो क्रेनच्या दांड्यावरची बोटं आवळून धरायचा. घरी बायको विळीवर भाजी चिरायला बसली की खोलीतून उठून जायचा. शेवटी तिनेच हाताला धरून त्याला मनाचे आजार बघणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

“मी मुळातच वाईट आहे का हो?” त्याने विचारलं.

“असले विचार बहुतेकांच्या मनात येऊन जातात,” त्या म्हणाल्या. “ज्याला खरंच मारायचं असतं, तो असा घाबरून माझ्याकडे येत नाही.”

“आणि उद्या भीती गेली तर?”

“भीती गेली म्हणून माणूस बदलत नाही. विचार येऊ द्या, त्याच्याशी झटू नका. आणि एकटे कुढत बसू नका.”

मग त्याने रेडिओला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. रेडिओ आधी खो खो हसला. मग आजूबाजूला बघून हळू आवाजात म्हणाला,

“भाऊजी, आमचं पोर रडायचं थांबेना तेव्हा मलाही एकदा वाटलं होतं... उचलून आपटावं. हिला अजून सांगितलं नाही.”

दोघं बराच वेळ एकमेकांकडे बघायचं टाळत बसले.

दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. माल बांधून झाल्यावर रेडिओ नेहमीपेक्षा बराच लांब जाऊन उभा राहिला. वर केबिनमधून याला ते स्पष्ट दिसलं. याने दांड्यावरची बोटं सैल केली, श्वास रोखला आणि भारा हळूहळू खाली घेऊ लागला.