कॅरिअर नसलेली सायकल

आमचे काका सायकली दुरुस्त करतात. त्यामुळे त्यांची स्वतःची सायकल तीस वर्षं कुरकुरत होती. मागच्या कॅरिअरवर काकू बसायची. ती दवाखान्यात केसपेपर लिहिते. काका तिला रोज सकाळी सोडायचे. वाटेत काका साऱ्या जगाचे वाभाडे काढायचे आणि काकू मागून ‘हं’ म्हणायची. त्यांचा संसार म्हणजे मुख्यतः हेच.

मग एका गिऱ्हाइकाने पंक्चर काढायला एक सायकल आणली. राखाडी रंग, बारीक नळ्या, तपकिरी चामड्याची सीट. गिअर नाहीत, स्टँड नाही, अंगावर कंपनीचं नावसुद्धा नाही. काकांनी त्या एका पंक्चरला दोन तास लावले. महिन्याभरात तसलीच एक घरी आली.

किंमत ऐकून मी म्हटलं, “काका, एवढ्यात स्कूटर आली असती!”

“स्कूटर काय, कुणीही घेतं,” काका म्हणाले.

दुसऱ्याच्या हातच्या कामावर त्यांचा विश्वास नाही. नवीकोरी सायकल त्यांनी आधी पूर्ण खोलली, छर्रे मोजले, स्पोक वाजवून पाहिले, पुन्हा जोडली. एकही खोट निघाली नाही. सकाळी काकू पर्स घेऊन खाली आली आणि सायकलच्या मागे जाऊन उभी राहिली.

“बसू कुठे?”

असलेला प्रत्येक भाग काकांनी तपासला होता. नसलेला तेवढा राहून गेला.

काकूने बसचा पास काढला. काका आठ दिवस ऐटीत एकटे गेले. लोक वळून बघायचे, पण जगाचा मूर्खपणा सांगायचा कुणाला? अजिबात करमत नाही, असं ते माझ्याजवळ बोलले. शेवटी काळजावर दगड ठेवून त्यांनी त्या देखण्या फ्रेमला भोकं पाडली आणि जुनं कॅरिअर बसवलं. सुटाबुटातल्या माणसाने डोक्यावर ट्रंक घ्यावी, तशी सायकल दिसायला लागली.

“चल, बस,” काका म्हणाले.

“नको हो. बसमध्ये खिडकी मिळते. हे मेलं तीस वर्षं टोचत होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुमचं संपलं की सांगणार होते.”

काका बराच वेळ चेन पुसत राहिले.

आता ते बसच्या बरोबरीने सायकल चालवतात. बस थांबली की काकूच्या खिडकीखाली एक पाय टेकून उभे राहतात. काकू बोलते, आणि काका खालून ‘हं’ म्हणतात. वाटेत अकरा थांबे आहेत. काकू म्हणते, कमी पडतात.