दुपारी दोनचा अंधार

समजा, तुमच्या हातात फोन आहे आणि समोर एक रिकामं घर. तीस सेकंदांत ते अशा माणसाला दाखवायचंय, ज्याचा अंगठा पुढच्या व्हिडिओवर सरकायला टपलेलाच आहे. सुरुवात कुठून कराल? खिडकीतून येणाऱ्या उन्हापासून? ठीक. आणि ऊन येतच नसेल तर?

किल्लीताईंपुढे हाच पेच होता. सत्तावीस वर्षं त्या लोकांना घरं विकून देतायत. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, म्हणून हे नाव. खरं नाव फक्त कागदपत्रांपुरतं. कोपऱ्यावर एका खोलीचं ऑफिस. रस्त्यापलीकडे काचेच्या दारांची मोठी एजन्सी आली आणि दोन वर्षांत त्यांची गिऱ्हाइकं एकेक करून रस्ता ओलांडून गेली. तेव्हा सुनेनं सूत्रं हातात घेतली. "आई, तुम्ही फक्त शूट करा, बाकीचं माझ्यावर सोडा." सून घरूनच तिच्या कंपनीचं काम करते. दर गुरुवारी दोन मीटिंगच्या मधल्या पंधरा मिनिटांत ती सासूचा व्हिडिओ कापायची, आवाज पुसून गाणं लावायची आणि टाकून मोकळी व्हायची.

आवाज पुसणं भागच होतं. कारण किल्लीताई शूट करताना घराची उणीदुणी काढत. ही त्यांची जुनी रीत. घर दाखवण्याआधी सकाळ, दुपार, संध्याकाळ असं तीनदा एकटीनं जाऊन यायचं आणि काय काय खटकतंय ते टिपून ठेवायचं. पूर्वी वहीत टिपत, पण स्वतःचं अक्षर स्वतःलाच लागेना, म्हणून आता फोनमध्ये बोलून ठेवत. गिऱ्हाईक आलं की उंबरा ओलांडण्याआधीच त्याला सगळी यादी ऐकवायची. "आत जाऊन हिरमुसण्यापेक्षा बाहेरच हिरमुसू दे, निदान पायऱ्या तरी वाचतील," असं त्यांचं म्हणणं.

त्या महिन्यात त्यांच्याकडे एकच घर उरलं होतं. एका निवृत्त हेडमास्तरांचं. ते मुलीकडे राहायला जाणार होते आणि आठ महिने कुणी त्या घराकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. "बाई, महिनाअखेरीपर्यंत वाट बघतो. नंतर किल्ल्या समोरच्यांना देणार," त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. तेही घर गेलं असतं, तर ऑफिसला कुलूप लावण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

आणि नेमकं या घराचा व्हिडिओ टाकायच्या गुरुवारी मीटिंग लांबली, सुनेची घाई झाली, आवाज पुसायचा राहून गेला.

"ही झोपायची खोली," किल्लीताई अख्ख्या गावाला सांगत होत्या. "दुपारचे दोन वाजलेत आणि मला माझेच पाय दिसत नाहीयेत. खिडकी आहे, पण समोर भिंत. नळ गळतो. दार लावायला खांदा लावावा लागतो."

संध्याकाळपर्यंत नऊ हजार लोकांनी ते पाहिलं. सुनेच्या तोंडचं पाणी पळालं.

"आई, काढून टाकते. आत्ताच्या आत्ता."

"थांब. त्यात मी खोटं काय बोलले?"

"खोटं नाही हो, पण असं कुणी जाहिरातीत सांगतं का?"

"दारात सांगतेच ना मी? दार थोडं मोठं झालं, एवढंच. राहू दे. सरांशी मी बोलते."

हेडमास्तर दार उघडूनच उभे होते. "चार भिंतींची अब्रू काढलीत, बाई! माझे विद्यार्थी फोन करून विचारतायत, सर, पाय सापडले का?"

"चुकलंच, सर. तुम्हाला विचारल्याशिवाय ते बाहेर जायला नको होतं. पण यातलं खोटं काय ते सांगा, मी दुरुस्त करते."

हेडमास्तरांनी बराच विचार केला. मुलांचे पेपर तपासण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना खऱ्याला खोटं म्हणता येईना. "नळ," ते शेवटी म्हणाले. "नळ मी सोमवारी बदललाय."

मग किल्लीताईंनी तिथल्या तिथे दुसरा व्हिडिओ केला. त्यात हेडमास्तर नळ उघडतात, बंद करतात आणि पहिला आलेल्या मुलासारखे कॅमेऱ्याकडे बघतात. खाली किल्लीताईंचा आवाज: "नळाबद्दल माझी चूक झाली. बाकीचं तसंच आहे."

दोन दिवस नुसते हसणारे लोक. तिसऱ्या दिवशी एका नर्सचा फोन. "ताई, दुपारी दोनला खरंच एवढा अंधार असतो?"

"असतो. पडदाही लागत नाही."

"मग मी बघायला येते. दोन वाजताच येते."

ती कायम रात्रपाळीची होती. दिवसा झोपायला म्हणून तिनं दुहेरी पडदे लावले, खिडक्यांना पुठ्ठे चिकटवले, तरी ऊन कुठून तरी घुसायचंच. ती झोपायच्या खोलीत गेली, खांदा लावून दार लावलं. दहा मिनिटं झाली, वीस झाली. किल्लीताईंनी बाहेरून खांदा लावून दार जरासं उघडलं. बाई भिंतीला टेकून, पर्स मांडीवर घेऊन गाढ झोपली होती.

"झालं का बघून?" हेडमास्तरांनी बाहेरून विचारलं.

"हळू बोला, सर. बघतायत अजून."

महिना संपायला चार दिवस असताना घर विकलं गेलं, त्याच नर्सला. आता किल्लीताईंच्या प्रत्येक व्हिडिओचं पहिलं वाक्य घरातली खोट सांगतं. मालकाला आधी विचारून. नवी तीन घरं हाताशी आलीत. लोक त्यांचं कौतुक करतात, त्यांना मात्र चैन नाही.

"मला एक सांग," त्या सुनेला विचारतात, "खोट सांगितली म्हणून ते घर गेलं, की सांगूनसुद्धा गेलं?"

"एका घरावरून कसं कळणार, आई? सारखी दोन घरं घ्यावी लागतील. एकाची खोट सांगायची, दुसऱ्याची लपवायची आणि बघायचं."

"लपवायची? ते नाही जमणार."

"मग नाही कळणार."

किल्लीताई जुडग्यातली एकेक किल्ली सरकवत बसतात. सून कंप्युटरकडे वळली, की त्यांचं पुन्हा सुरू होतं.

"पण न लपवता कळायला काहीच मार्ग नाही का गं?"