लोकरीला विटाळ नाही

रडत आलेल्या माणसाला आपण काय देतो? बसायला पाट देतो, प्यायला पाणी देतो, फार तर पाठीवरून हात फिरवतो. नगरवाल्या बाई यातलं काही करायच्या नाहीत. त्या टोपलीतून लोकरीचा गुंडा आणि दोन सुया काढायच्या, आलेल्या बाईच्या मांडीवर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "बसा. आधी हातात काहीतरी घ्या. मग बोला."

पुष्कळ जणी न बोलताच उठून जायच्या. पण येताना खाली घातलेली मान जाताना जराशी वर आलेली असायची, एवढं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

निजामाच्या अमलातलं बीड ते. बिंदुसरा नदीच्या काठाजवळ सरकारी जनाना दवाखाना होता आणि त्याला लागून असलेल्या खोलीत या बाई राहायच्या. जातीनं कोण होत्या कुणाला ठाऊक, धर्मानं ख्रिस्ती. सुईणीचं काम शिकून नगरच्या मिशनमधून आलेल्या. त्यांना नाव होतं, पण आमच्या गल्लीच्या तोंडात ते बसलं नाही. नगरहून आल्या म्हणून नगरवाल्या बाई. उंच, सावळ्या, पांढरं लुगडं, मोकळं कपाळ. पहिल्या दिवशी सगळ्या गल्लीनं त्यांच्याकडं दाराच्या फटीतूनच पाहिलं.

इंग्रजी मुलखातून आमच्याकडं येताना करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका लागायचा. तिथल्या नाकेदारानं त्यांची ट्रंक उघडली, तर वर दोन लुगडी आणि खाली नुसती लोकर. त्यात खुपसलेल्या लांब सुया पाहून तो बिचकला. "ये क्या हथियार है?" म्हणाला. बाईंनी ट्रंकेवरच बसकण मारली आणि त्याच्यासमोर टाके घालून दाखवले. शेवटी नाकेदार हळूच म्हणाला, "हमारे बच्चे को होगा क्या एखाद?" त्यानंतर बाई जितक्या वेळा नगरला गेल्या तितक्या वेळा नाक्यावर एक टोपरं ठेवत गेल्या. ही गोष्ट सांगताना त्या गंभीर चेहऱ्यानं पुढं जोडायच्या, "पोरं फार होती हो त्याला."

माझी त्यांची ओळख दुःखातून झाली. माझं पहिलं बाळ दिवस भरायच्या आत झालं आणि रडलंच नाही. मुलगी होती. आमचे हे कचेरीत नकलनवीस, दिवसभर फारसी-उर्दू कागद उतरवायचे आणि घरी आले की भिंतीकडं तोंड करून बसायचे. सासूबाई लिंबागणेशच्या शेतकरी घरातल्या, बोलायला तोफ. पण त्याही नुसती लाकडं सारत बसायच्या. घरात तिघं माणसं आणि आवाज फक्त चुलीचा. एका दुपारी मी घागर घेऊन नदीवर निघाले, आणि नदीवर न जाता दवाखान्याच्या पायरीशी जाऊन उभी राहिले.

गल्लीतली म्हणून बाईंनी मला ओळखलं. काही विचारलं नाही. त्यांचं ते वाक्य म्हणाल्या आणि सुया माझ्या हातात दिल्या. मला कुठं काय येत होतं! त्या माझ्या मागं बसल्या, दोन्ही बाजूंनी हात पुढं आणून माझी बोटं धरली आणि टाका घालायला शिकवलं. माझ्या मानेवर त्यांचा श्वास लागत होता. आई गेल्यापासून इतक्या जवळ माझ्या पाठीशी कुणी बसलं नव्हतं.

चार दिवसांनी वीतभर पट्टी तयार झाली. एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला अरुंद, मधे दोन भोकं.

"हे कशाचं झालं?" मी विचारलं.

"कशाचं म्हणजे? पट्टी आहे."

"पण कशाला?"

"बघू ना. अजून तिनं सांगितलं नाही."

घरी आणली तेव्हा सासूबाई आधी कडाडल्या, "त्या बाटगीच्या हातचं घरात कावून आनलं?" मग पट्टी उलटीपालटी करून पाहिली आणि संध्याकाळी तीच धरून चुलीवरचं उतू चाललेलं दुधाचं पातेलं उतरवलं. मी दुसऱ्या दिवशी भीतभीत बाईंना सांगितलं. त्यांना इतका आनंद झाला की टाळी वाजवली त्यांनी. "बघा! कामाला आली की!"

मग दुपारी जायची सवयच लागली. आणखी दोघी येऊ लागल्या. एक चांदबी. तिचा नवरा पोलिसात जवान होता, माहेर तलवाड्याचं. बुरखा घेऊन मागच्या बोळानं यायची आणि आत आली की बुरखा असा फेकायची, जणू गोणी उतरवली. तिला सुलटा टाका छान जमायचा, उलट्याशी मात्र उभा दावा. "बाई, म्या सीधाच टाका घालनार. उलटा नक्को. आपली जिंदगी काय कमी उलटी हाय का?" असं म्हणून स्वतःच हसायची.

दुसऱ्या गोदाकाकू. पलीकडच्या आळीतल्या ब्राह्मणाच्या बालविधवा. लाल आलवण, काढलेले केस, घरच्यांचं सोवळ्याचं सगळं काम त्यांच्याच हातात. त्यांना इथं यायला कसं जमलं, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. त्या उंबऱ्याबाहेर बसायच्या. बाई लोकरीचा गुंडा जमिनीवर ठेवून हात मागं घ्यायच्या, मग काकू तो उचलायच्या. दिरानं घरी अडवलं तेव्हा काकूंनी त्यालाच विचारलं म्हणे, "भावजी, तुम्ही पूजेला लोकरीची धाबळी नेसता ना? मग? लोकरीला विटाळ नाही." दिरानं वाट सोडली. शास्त्र त्याचंच होतं.

एकदा बाईंनी हिरवी लोकर ठेवली. काकूंचा हात अर्ध्यावरच थांबला. "हा रंग मला..." म्हणाल्या.

"तुम्हाला नाही, काकू. सुताराच्या सुनेला मुलगा झालाय, त्याच्यासाठी आहे. तुम्ही फक्त विणायचं."

काकूंनी तो गुंडा उचलला आणि बराच वेळ मांडीवर तसाच धरून ठेवला. त्या दुपारी त्यांनी टाकाच घातला नाही. आम्हीही कुणी हटकलं नाही.

दवाखान्यात जन्मलेल्या प्रत्येक मुलाला बाई टोपरं द्यायच्या. महाराचं असो, देशमुखाचं असो. मात्र मूल रडल्याचं ऐकल्याशिवाय पहिला टाका घालायच्या नाहीत. चांदबीनं एकदा विचारलं, "बाई, तुमाला कुनी शिकवलं हे?" बाई विणता विणताच सांगू लागल्या. नगरला प्लेग आला, तेव्हा त्या गावाबाहेरच्या छावणीत होत्या. नवरा तिथंच वारला. मग दोन्ही मुलं. मिशनमधली एक म्हातारी मडम रोज येऊन शेजारी बसायची. तिला धड मराठी येत नव्हतं. तिनं सुया हातात दिल्या. "तिला बोलता येत असतं ना, तर मी तिला हाकलून दिलं असतं," बाई म्हणाल्या. एवढंच. पुन्हा त्या विषयावर त्या बोलल्या नाहीत.

पुढं मोठी लढाई सुरू झाली आणि नगरची लोकर यायची बंद झाली. बाई डगमगल्या नाहीत. बैलगाडीनं मांजरसुंब्याकडं गेल्या आणि तिथल्या धनगरणीकडून घोंगडीचं सूत घेऊन आल्या. काळं, राठ, मेंढराच्या वासाचं. बोटं सोलून निघायची. चांदबी म्हणायची, "या टोपऱ्यात पोरगं न्हाई, कोकरू शोभंल." पण विणायची.

आणि मग मानमोडी आली. ज्यांनी ती साथ पाहिली त्यांना सांगायला नको, ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगून कळायचं नाही. सकाळी अंग मोडून आलेलं माणूस परवापर्यंत टिकेल याची खात्री नसायची. दिवाळी आली आणि पणती न लागता गेली. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई स्वतःच अंथरुणाला खिळल्या. गल्लीतल्या सगळ्यांनी दारं लावून घेतली. उघडं दार फक्त बाईंचं. त्या घरोघर फिरायच्या, काढा पाजायच्या, मेलेल्यांचे डोळे मिटायच्या.

चांदबीला सातवा सरून आठवा लागला होता. तिला ताप भरला. बाई तिला दवाखान्यात घेऊन आल्या आणि तिच्यापाशीच बसल्या. माझा ताप नुकताच उतरला होता; मी हाताखाली होते. सकाळी उजाडताना मुलगा झाला. मुठीएवढा. बारीक आवाजात रडला. चांदबीनं तो आवाज ऐकला, हे नक्की. तिनं मान वळवली होती. ऊन खिडकीत येईपर्यंत ती गेली.

बाईंनी तिच्या अंगावर चादर ओढली, बाळ माझ्याकडं दिलं आणि बाहेर पायरीवर जाऊन बसल्या. मांडीवर दोन्ही हात उघडे पडलेले. त्या हातांत काही नाही, असं मी कधी पाहिलं नव्हतं. मी दारात उभी होते. 

तेवढ्यात गोदाकाकू आल्या. कुठून कळलं कोण जाणे. नुकतीच आंघोळ झालेली, आलवण ओलं, सोवळ्यातच निघून आलेल्या. पायरीपाशी क्षणभर थांबल्या. मग त्या बाईंच्या शेजारी बसल्या आणि बाईंचे दोन्ही हात त्यांनी आपल्या हातात घेतले.

बाईंनी दचकून हात ओढला. "काकू, अहो, तुमचं सोवळं..."

"असू दे," काकू म्हणाल्या आणि पुन्हा धरले.

दोघी रडल्या नाहीत. नुसत्या बसून राहिल्या. घरी जाऊन काकूंनी पुन्हा आंघोळ केली की नाही, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

शेवटी मीच म्हणाले, "बाई, बाळ गार पडतंय."

तशा त्या उठल्या. शेगडी पेटवली, बाळाला तेल लावून कापसात गुंडाळलं. वर उबदार काहीतरी हवं होतं आणि बाईंकडं लोकर म्हणजे फक्त ते धनगरी सूत. तिघींनी कुंचीचे तीन तुकडे विणायला घेतले. पण त्या कोवळ्या कातडीला ते राठ सूत कसं लावायचं? आतून अस्तर हवं होतं. काकू चुळबुळत म्हणाल्या, "माझं एक जुनं आलवण आहे. धुऊन धुऊन लोण्यासारखं झालंय. पण विधवेचं वस्त्र... तान्ह्या पोराला..."

"मऊ आहे ना?" बाई म्हणाल्या. "मग द्या."

चांदबीचा नवरा दारात उभा राहून हे ऐकत होता. तो नुसता म्हणाला, "लावा, काकू. तिची तुमच्यावर लई माया होती."

पोरगं जगलं. तलवाड्याहून त्याची नानी गाडी घेऊन आली. तिनं ती काळी कुंची उलटून आतलं लाल कापड पाहिलं, कुणाचं ते विचारलं, आणि ते डोळ्यांना लावून मग नातवाला उचललं.

चांदबीचं एक टोपरं अर्धंच राहिलं होतं. ते बाईंनी पुरं केलं, पण सगळं सुलट्या टाक्यांनीच. उलटा टाका एकही घातला नाही.

त्यानंतर पुन्हा दुपारी बसणं सुरू झालं. काकू आता उंबऱ्याच्या आत बसायच्या. मला मुलगा झाला, त्याचं टोपरं सासूबाईंनी हातात घेऊन पाहिलं, "कानाशी वाकडं हाय," म्हणाल्या आणि स्वतः त्याच्या डोक्यावर चढवलं. वाड्यावस्त्यांवरून बायका बाईंकडं यायच्या, टोपलीतून गुंडा निघायचा. पण साथीनंतर बाईंच्या छातीत घरघर राहिली ती गेलीच नाही. थंडी पडली की बसूनच झोपायच्या.

अशाच एका थंडीत त्या गेल्या. गल्लीत बातमी फिरली आणि लगेच प्रश्न उभा राहिला, की यांना आंघोळ कोण घालणार? नगरला कळवून माणसं यायची म्हणजे दोन-तीन दिवसांची वाट. दवाखान्याची झाडूवाली म्हणाली, मी करते. तेव्हा गोदाकाकू पदर खोचत पुढं आल्या. "तू पाणी तापव. बाकी आम्ही करतो."

दीर त्यांच्या मागोमाग आला होता. अंगणातूनच ओरडला, "वहिनी, हात लावाल तर घरात घ्यायचो नाही. आता लोकर नाही मधे."

काकू वळल्या. "नका घेऊ," म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्यानं बोललेलं खरं केलं. काकूंना पुढं कित्येक महिने मागच्या पडवीत वेगळी चूल मांडून राहावं लागलं. शेवटी घरात सोवळ्याचा स्वयंपाक करायला कुणी उरेना, तेव्हा त्यानंच आत बोलावलं. काकूंनी त्याबद्दल ना तेव्हा तक्रार केली, ना नंतर. चांदबीच्या नवऱ्यानं आपल्या पोलीस साहेबाला विनंती करून दवाखान्यामागं, शिंदीच्या झाडांपलीकडं जागा मिळवली. तो, आमचे हे आणि मांजरसुंब्याहून आलेला धनगर, तिघांनी मिळून खड्डा खणला.

आत आम्ही दोघी. बाईंना आंघोळ घातली, धुतलेलं पांढरं लुगडं नेसवलं. मग केस विंचरायला अंबाडा सोडला. इतकी वर्षं तो घट्ट अंबाडाच आम्ही पाहिला होता. सोडल्यावर केस कमरेच्याही खाली आले, अर्धे काळे, अर्धे पांढरे. मी फणी घेणार, तोच काकूंनी ती माझ्या हातातून घेतली.

त्या बाईंच्या उशाशी बसल्या. टोकापासून, एकेक गुंता सोडवत, वर वर येत विंचरत राहिल्या. मला म्हणाल्या, "वेणी घालू?" मी मान डोलावली. त्यांनी तीन पेड वेगळे केले आणि बोटं अडखळली. लग्नानंतर लगेच त्यांचे केस गेले होते. स्वतःची वेणी त्यांनी पोरवयात घातलेली. थोडा वेळ त्या नुसतेच पेड धरून राहिल्या. मग बोटांना आठवलं. एकावर एक पेड टाकत त्या अगदी टोकापर्यंत गेल्या, कुठं ढिला नाही, कुठं ताण नाही. वेणी त्यांनी बाईंच्या खांद्यावरून पुढं आणून ठेवली आणि वरून खाली हात फिरवला.

बाहेर पुरुषमंडळी खोळंबली होती. कुणीतरी दारावर हलकेच थाप मारली. काकू म्हणाल्या, "थांबा जरा," आणि पुन्हा एकदा, सावकाश, वरून खाली हात फिरवला.