ठिपक्यांच्या जोड्या

माळी सरांचं नाव आधी घेतो, कारण या केसमध्ये कामी आलेलं ज्ञान पोलीस अकादमीतलं नव्हतं, त्यांचं होतं. आमच्या तालुक्याच्या शाळेत ते वर्कशॉप शिकवत. घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. सर स्वतः मला एस.टी.ने जिल्ह्याच्या गावी घेऊन गेले आणि प्रवेश होईपर्यंत कचेरीबाहेर बसून राहिले. पुढे परीक्षा देऊन मी पोलीस सेवेत आलो, कलकत्त्याला नेमणूक झाली आणि निवृत्तीनंतरही इथेच राहिलो.

कलकत्त्याजवळच्या बजबजच्या त्या म्हाताऱ्या फिटरची केस मी विसरू शकलेलो नाही.

तेव्हा मी गुन्हे शाखेत उपायुक्त होतो. खिदिरपूरच्या गोदीकडे आमचा एक जुना खबरी होता. त्याने कळवलं की बजबजला तागाच्या गिरणीतून निवृत्त झालेला एक फिटर घरात रिव्हॉल्व्हर तयार करतो. अंगणात बसून सुट्या भागांना ग्रीस लावताना फिटरला या खबऱ्याने स्वतः पाहिलं होतं. बजबज आमच्या हद्दीत नव्हतं. तिथल्या ठाण्याला कळवून, दोन पंच घेऊन, भर दुपारी झडती घेतली. पत्र्याच्या पेटीत मेणकापडात बांधलेले भाग मिळाले: बॉडी, नळी, सिलिंडर, ट्रिगर गार्ड, मुठीची पाठपट्टी. जुन्या परदेशी बनावटीचं, दर वेळी अंगठ्याने घोडा ओढावा लागतो त्या जातीचं रिव्हॉल्व्हर. सगळ्यावर ग्रीसचा सुकून कडक झालेला जुना थर, वर ताजा हात. त्यातून जे आकडे दिसले ते उपनिरीक्षकाने पंचनाम्यात उतरवले. प्रत्येक भागावर वेगळा आकडा निघाला. शिवाय सांध्यांजवळ बारीक ठिपके होते. कारखान्याचे खरे नंबर घासून नवे मारण्याचा प्रयत्न, असा अर्थ आम्ही काढला.

मुद्देमाल जमा करून घेणारा जमादार निवृत्तीला आलेला, तोंडाने फटकळ. भाग मोजत बंगाली ढंगात म्हणाला, "स्यर, एका पिस्तुलाचे पाच बाप. आईचा पत्ता नाही."

मीही हसलो.

चौकशीला मी स्वतः बसलो. फिटर सत्तरीच्या पुढचा. आवाज चढवला तरी त्याचा स्वर बदलला नाही. वस्तू आपली नाही, एवढंच तो सांगत राहिला. कुणाची, ते सांगणार नाही म्हणाला. चौथ्या दिवशी मी विचारलं की हे भाग ठेवून तो काय करणार होता. तो म्हणाला, "काही नाही, बाबू. हवं असेल तर आत्ता जोडून देतो."

हा कबुलीजबाबच, असं आम्हाला वाटलं. मी अहवालात शस्त्रनिर्मितीचं कलम कायम ठेवलं. ते सिद्ध झालं असतं, तर त्या वयात तो तुरुंगातून जिवंत बाहेर आला नसता. त्याची मुलगी रोज डबा घेऊन यायची आणि शिपायाला एकच विचारायची, बाबा जेवले का.

कोठडी वाढवून मागायची तर तज्ज्ञाचं प्राथमिक मत हवं होतं, म्हणून बाराव्या दिवशी सकाळी सीलबंद पार्सल घेऊन मी स्वतः प्रयोगशाळेत गेलो. तिथले तज्ज्ञ सावकाश काम करणारे गृहस्थ. फोटो घेऊन त्यांनी ग्रीस उतरवलं आणि भिंग माझ्या हातात दिलं.

"तुम्हीच वाचा," म्हणाले.

बॉडीवर, ट्रिगर गार्डवर आणि पाठपट्टीवर एकच नंबर होता. ग्रीसमधून कुठे पहिले तीन आकडे दिसले होते, कुठे शेवटचे दोन. सिलिंडरवर त्याच नंबराचा शेवटचा तुकडा होता, आणि नळीवरचा जो आम्ही पाचवा नंबर धरला होता, तो कारखान्यात जुळणी करताना मारलेला छोटा खुणेचा आकडा. त्यांनी आणखी एक दाखवलं. कारखान्यात नंबर आधी मारतात, मग धातू घासून त्यावर निळसर काळं पाणी चढवतात. त्यामुळे आकड्यांच्या कडा मऊ होतात आणि रंग खाचेच्या तळापर्यंत उतरतो. इथले सगळे आकडे तसेच होते. नंतर कुणी काही मारलेलं नव्हतं.

"फक्त हे ठिपके नंतरचे," ते म्हणाले. "कडा वर आल्या आहेत, आत रंग नाही. पण हे कारखान्याचं चिन्ह नाही. मला ओळखता येत नाही."

मला आलं. बॉडीच्या कडेला एक ठिपका, त्याला टेकणाऱ्या ट्रिगर गार्डवर एक. पाठपट्टीच्या सांध्यावर दोन आणि समोर दोन. माळी सर आम्हाला तेलइंजीन उघडू देण्याआधी हेच करायला लावत. डॉट पंच घ्यायचा आणि एकमेकांना लागणाऱ्या दोन्ही भागांवर सारखे ठिपके मारायचे. मी एकदा ते विसरलो, बेअरिंगच्या टोप्या उलटसुलट बसवल्या आणि सर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. नवी वस्तू तयार करणारा असे ठिपके मारत नाही. दुसऱ्याची वस्तू उघडणारा मारतो, ती जशी होती तशी परत जोडता यावी म्हणून.

पूर्ण नंबर हातात आल्यावर परवान्याच्या नोंदवहीत मालक सापडायला दुपार पुरली. कलकत्त्यातल्याच बालीगंजचे एक गृहस्थ, त्याच गिरणीत चीफ इंजिनिअर होते, वारले होते. दार त्यांच्या पत्नीने उघडलं. नंबर सांगताच त्या खुर्चीवर बसल्या. नोकरी गेल्यावर पती हातात रिव्हॉल्व्हर घेऊन एकटेच बसलेले त्यांना दोनदा दिसले होते. ठाण्यात जमा करायचं तर कारण सांगावं लागणार. म्हणून पतीच्या हाताखाली आयुष्य काढलेल्या फिटरला त्यांनी बोलावलं.

"मीच त्याला म्हटलं, हे घेऊन जा, सुटं करून टाक, आणि का ते कुणाला सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "हे पुढे चार वर्षं जगले. आजारपणात, आपल्या अंथरुणात गेले. त्याने काय सांगितलं तुम्हाला?"

काहीच नाही, असं मी सांगितलं. त्यांनी पर्स घेतली आणि जबाब द्यायला माझ्याबरोबर निघाल्या.

निर्मितीचं कलम मी त्याच दिवशी काढायला लावलं. दुसऱ्या दिवशी फिटरला जामीन मिळाला. विनापरवाना बाळगल्याचा खटला पुढे रीतसर चालला आणि कोर्टाने समज देऊन त्याला सोडलं. जमादार म्हणाला, "बाप एकच निघाला, स्यर." या वेळी मी हसलो नाही. ही केस सोडवली म्हणून माझं कौतुक झालं, पण त्या माणसाला आत घालणाराही मीच होतो. गप्प राहणारा माणूस काही लपवत असतो, हे पोलिसाला लवकर कळतं. तो कुणाला झाकत असेल, हे कळायला मला वेळ लागला.

फिटर जामिनावर सुटला त्याच आठवड्यात सरांना पत्र लिहिलं. त्याची प्रत माझ्याकडे आहे.

"ती. माळी सरांना सा. न.

आधी पुसा, मग बघा, मग बोला, असं तुम्ही म्हणायचात. मी आधी बोललो आणि सगळ्यात शेवटी पुसलं. त्यापायी एक निरपराध म्हातारा बारा दिवस आत राहिला. तुमचे ठिपके ओळखले म्हणून तो सुटला, पण ते पहिल्याच दिवशी ओळखायला हवे होते.

काल त्याच्या घरी माफी मागायला गेलो. त्याने बसायला मोडा, म्हणजे इथलं वेताचं बुटकं स्टूल, पुढे केला आणि चहा दिला. ठिपके कसे समजले, एवढंच विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं. ते अजून आहेत का, म्हणाला. आहेत म्हटल्यावर त्याने हात जोडले आणि म्हणाला, 'त्यांना नमस्कार कळवा. आणि विचारा, माझे ठिपके सरळ रेषेत होते ना?'

सर, होते.

आपला विद्यार्थी"