लढायांची घरगुती नावं

गावोगावी म्हाताऱ्या माणसांशी बोलत फिरलं की किस्से आपोआप साठत जातात. आम्ही तिघं फिरायचो. धुळ्याच्या शाळेत इतिहास शिकवून रिटायर झालेला मी, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले आणि स्वतःची जुनी गाडी चालवणारे नाना, आणि जळगावच्या एका वाचनालयातल्या प्रतिभाताई. ताईंना इंग्रजांच्या काळातल्या लढायांवर एक छोटं प्रदर्शन भरवायचं होतं. पुस्तकातली नावं सगळ्यांना ठाऊक असतात. ज्यांनी तो काळ काढला, ते त्या लढायांना काय म्हणायचे, एवढंच आम्ही विचारायचो. जरा उशिराच निघालो होतो, हे पहिल्या दोन-तीन गावांतच कळलं.

*

सावद्याला केळीच्या मळ्यात एक आबा भेटले. नव्वदी ओलांडलेली, पण आवाज खणखणीत. मी मास्तरी सुरात विचारलं, "आबा, दुसरं महायुद्ध आठवतं का?"

"मले नाही माहीत ते."

नाना म्हणाले, "अहो आबा, तुम्ही लहान होते, रॉकेल मिळत नव्हतं, तेव्हाचं."

"मंग असं सांगा ना, रॉकेलची लढाई."

"हां, तीच. कोण कोण लढलं त्यात?"

आबांनी क्षणभर विचार केला. "आमची माय अन् दुकानवाला."

आम्ही हसलो. आबा हसले नाहीत. म्हणाले, "माय हरली. धाकटा भाऊ अंधारातच गेला, त्याचं तोंडबी नीट दिसलं नाही तिले."

*

सोनगीरला हायवेलगत राहणाऱ्या एक अक्का. लहानपणी त्यांच्या दारावरून लष्कराच्या मोटारी आग्र्याच्या दिशेनं जायच्या. त्यांच्याकडे त्या लढाईचं नाव 'मोटारीस्नी लढाई'.

"बठ्ठा पोरं रस्तावर उभा राहूत," अक्का सांगत होत्या. "हात हलावूत. त्या सोल्जरबी हलायेत."

"आणि परत आले तेव्हा?" ताईंनी विचारलं.

अक्का रस्त्याकडे पाहत राहिल्या. तिथून आता कंटेनर जात होते.

"परत येताना कोनी दखं नही. दुसरा रस्ताथीन गयात व्हतीन."

*

नरडाण्याचा किस्सा त्याच्याही आधीच्या, पहिल्या महायुद्धाचा. ती पाहिलेलं आता कोण उरणार? भेटला तो पणतू, तिथल्याच कारखान्यात सुपरवायझर. त्याचे पणजोबा पलटणीत भरती होऊन इराकात बसऱ्याला गेले आणि तिकडेच राहिले. मी म्हटलं, "म्हणजे तुमच्याकडे बसऱ्याची लढाई म्हणत असतील."

"गावात म्हणायचे, सर. आमच्या घरात तो शब्दच नव्हता. पणजी 'नोकरी' म्हणायची. ते नोकरीवर गेले, नोकरी लांबली, असंच."

"पण नंतर कळलं असेल ना त्यांना?"

"सरकारी माणूस येऊन सांगून गेला होता म्हणे. पणजीनं त्याला चहा दिला आणि विचारलं, यांना रजा कधी मिळेल?"

त्यानं पुढे सांगितलं, "माझ्या वडिलांच्या लहानपणीसुद्धा ती कुंकू लावत होती. तिला कुणी अडवलं नाही."

*

धुळ्यातच एक ओळखीचे गृहस्थ आहेत. त्यांचे वडील, घरात सगळे त्यांना 'भाऊ' म्हणत, ब्रह्मदेशात लढून आले होते. तिथल्या खेड्यातली माणसं त्या युद्धाला जो शब्द वापरायची, तोच वडिलांनी आयुष्यभर वापरला. आम्ही उत्साहानं रेकॉर्डिंग सुरू केलं.

"शब्द होता... थांबा हं. रोज जेवताना यायचा बोलण्यात." त्यांनी डोळे मिटले, पुटपुटून पाहिलं, दोनदा चुकीचं काहीतरी सांगून परत घेतलं. शेवटी सुरतला बहिणीला फोन लावला. "अगं, भाऊ त्या लढाईला काय म्हणायचे?"

फोन स्पीकरवर होता.

"मी समजत होते, तुला आठवत असेल," बहीण म्हणाली.

रेकॉर्डिंग कुणी बंद केलं, ते लक्षात नाही.

*

शेवटचा किस्सा सातपुड्याच्या पायथ्याचा. इंग्रजांच्या फौजा त्या डोंगरात शिरल्या होत्या. पुस्तकात त्याला 'भिल्लांचं बंड' म्हणतात. तिथल्या एका पाड्यावर एक म्हातारी आजी मोहाची फुलं वाळत घालत बसली होती. शेजारी तिचा नातू होता. ताईंनी विचारलं, "आजी, शिपाई आले होते, गाव डोंगरात पळालं होतं, त्या लढाईला तुमच्याकडे काय म्हणतात?"

नातू म्हणाला, "आमच्या घरात तिला एका मुलीचं नाव आहे. सगळे पळाले तेव्हा ती मागे राहिली. आजीच्या आजीची ती बहीण."

"काय नाव होतं?"

नातवानं आजीकडे पाहिलं. आजीनं हात पुसले, ताईंना जवळ बोलावलं आणि त्यांच्या कानात नाव सांगितलं.

नानांनी मोबाइल पुढे केला. "आजी, जरा मोठ्यानं सांगा ना. रेकॉर्ड करतो."

आजीनं मोबाइलवर हात ठेवला.

"जोरमा नको ल्या ते नाव," ती म्हणाली. "तिले वाटी की आमी तिलेच हाक मारी राहिनूत."